रात्री लघवीला उठणे कमी करण्यासाठी संध्याकाळी पाय उंच ठेवा

पन्नाशीच्या आसपास रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठावे लागू लागले, की बरेच जण पाणी पिणेच कमी करतात. त्याआधी संध्याकाळी आपले घोटे एकदा नीट पाहावेत. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटत असेल, किंवा नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून उचलल्यावर तिथे खळगा राहत असेल, तर दिवसभर उभे राहून वा बसून पायांत साठलेले पाणी आपण आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि त्याची लघवी मध्यरात्री होते. हे काम झोपेआधीच उरकता येते.

१. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास तासभर उताणे पडून पायांखाली लोड किंवा दोन उशा अशा ठेवाव्यात, की घोटे छातीपेक्षा वर राहतील. नुसते स्टुलावर पाय ठेवून बसणे पुरत नाही.

२. त्यानंतर रात्री झोपेपर्यंत लागेल तेव्हा लघवीला जावे. ती नेहमीपेक्षा जास्त होईल, आणि तेच अपेक्षित आहे.

३. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे टाळावे आणि संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. पाणी मात्र दिवसा पुरेसे प्यावे.

पायांची सूज नव्याने आली असेल, आडवे झाल्यावर धाप लागत असेल, लघवीची धार बारीक झाली असेल किंवा तहान फार वाढली असेल, तर हा उपाय करत न बसता आधी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या गोळीची वेळही त्यांना विचारल्याशिवाय बदलू नये.