बेस गिटारचा घुमणारा आवाज असा साफ केला

बडोद्यात गणपतीत हॉलमधे वाजवतो आम्ही, तिथे माझा बेस नुसता घुमायचा, सूर कुठला लागलाय तेच कळेना. सगळे म्हणाले नवीन अँप (अँप्लिफायर) घे. पण खुल्या ई तारेचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा, मूळ सूर 41 हर्ट्झचा, छोट्या स्पीकरमधून तो धड निघतच नाही, कान त्याच्यासोबत वाजणाऱ्या दुप्पट-तिप्पट वरच्या सुरांवरून, 82, 123 हर्ट्झवरून, तो ओळखतो, म्हणून लो चा (खालच्या सुरांचा) नॉब उलट कमी केला, 200-250 हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं आणि 700-800 ला मिड (मधले सूर) चढवले. काय मोकळा झाला आवाज! मग ई तारेच्या बाजूने पिकअप (तारांखालचा, त्यांचा आवाज उचलणारा भाग) स्क्रूने किंचित खाली घेतला, ती तार बाकीच्या तारांना दाबत होती. तारा मात्र राउंडवाउंडच (वरून गोल तार गुंडाळलेल्या) ठेवल्या, फ्लॅटवाउंडचा (चपटी पट्टी गुंडाळलेल्यांचा) गोल आवाज मला फार आवडतो पण आमच्या ढोलकीखाली दबतो. आणि हो, सेटिंग घरी एकट्याने ठरवू नका, सगळे वाजवत असताना कुणाला तरी मागच्या खुर्चीवर बसवून ऐकायला लावा.