जुनी स्पोर्ट्स कार घेताय? भाव टिकेल की नाही, ते आधी असं तपासा

मागच्या उन्हाळ्यात भाचा घरी आला तो मोबाइल पुढे करतच. "मामा, हे पहा ना जी. 2011 ची ऑडी टीटी, लाल. साडेतेरा लाख मागून राहिला तो. तीन वर्षं चालवली अन् विकली, तर तेवढेच येतील ना?"

मी 22 वर्षं नागपुरात मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांची किंमत काढणं हे माझं रोजचं काम. शिवाय एक जुनी, जोरकस गाडी मी स्वतः सात वर्षं पाळली आहे. त्यामुळे त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो. मॉडेलचं नाव बघून भाव टिकेल की नाही हे सांगता येत नाही. ते सांगायला ती एक गाडी, तिचे कागद आणि तिला पुढे मिळू शकणारं गिऱ्हाईक बघावं लागतं.

सगळ्यात आधी गाडीचा भाव उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. विम्यात आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत, काढायचा ठरलेला तक्ता आहे. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40, आणि पाचव्या वर्षापर्यंत 50. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. पुढची किंमत मालक आणि विमा कंपनी आपसात ठरवतात. स्पोर्ट्स कार बाजारात याहून जोरात उतरते, कारण जो नवी घेऊ शकतो त्याला जुनी नको असते, आणि ज्याला जुनी हवी असते तो देखभालीला घाबरतो. दहा-बारा वर्षांनी मात्र उतार सपाट होत जातो. तोवर हौशी माणसंच गिऱ्हाईक म्हणून उरलेली असतात, आणि हौशी माणूस चांगल्या गाडीला पैसे देतो. शिरायचं तर इथे शिरावं. चार वर्षांची गाडी "निम्म्यात मिळाली" म्हणून घेतली, तर उरलेल्या निम्म्यातलं बरंच आपल्याच हातून जातं.

सपाट रस्त्यातही खड्डा आहे, तो पंधराव्या वर्षी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून साध्या मोटारीला त्याची फी 5,000 रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला 40,000 आहे. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढली, साध्या मोटारीला 10,000 आणि आयात केलेलीला 80,000. वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. टीटी बाहेरून पूर्ण बांधून आलेली गाडी, म्हणजे भाचा ती 14 वर्षांची घेणार आणि वर्षभरात 40,000 च्या दारात उभा राहणार. तीन वर्षांनी तिचं गिऱ्हाईकही हेच गणित मांडून भाव पाडणार.

भाच्याने मला अमेरिकेतल्या लिलावांचे आकडेही दाखवले. माझदा एमएक्स-5 आणि होंडा एस2000 तिथे जुन्या होऊनही भाव धरून आहेत, हे खरं आहे. पण आपल्याकडे वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. तिथला बाजार आणि आपला बाजार यांच्यामध्ये भिंत आहे. तिकडच्या आलेखावर इथला भाव काढू नका. दुसरी भिंत आपल्या देशातच आहे. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार राहिली आहे, म्हणून तिकडून गाड्या स्वस्तात निघतात. स्वस्त दिसतात खऱ्या, पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि गिरीपेठच्या आरटीओतल्या चकरा धरल्या की बराचसा फरक भरून निघतो. परराज्यातली गाडी इथे पुन्हा विकतानाही गिऱ्हाईक दोनदा विचार करतं.

आता गाडी प्रत्यक्ष बघण्याबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा इथेच बुडतो.

हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये ती लाल टीटी उभी होती. ऊन 44 अंश, तरी पॉलिशने आरशासारखी चमकत होती. मी खिशातून पेंटची जाडी मोजायचं मीटर काढलं. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतं, घ्याच. कंपनीचा मूळ रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. बोनेटवर मात्र ते वापरण्याआधी मीटरची खात्री करून घ्या, कारण काही गाड्यांत पत्र्याऐवजी अॅल्युमिनियम असतं आणि साधं मीटर त्यावर आकडा देत नाही. डावं दार 118. उजवं 124. मागचा डावा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, 480. म्हणजे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली. भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "थांब, एका फेंडरने काही होत नाही. पार्किंगमध्ये घासला असेल." हे मी मनापासून म्हणालो. एक पॅनेल रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही, भाव थोडा कमी करून घ्यायचा आणि पुढे जायचं.

मग ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. हे नेहमी करा. बेल्टचा शेवटचा हातभर भाग रोज बाहेर येत नाही, त्यामुळे कोणी तो धुवायच्या फंदात पडत नाही. तिथे आडवी पिवळट रेघ होती, बोट फिरवलं तर बारीक गाळ लागला. सीट पुढे सरकवली, रुळांच्या बोल्टवर गंज. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातलं कापड उचललं, तर ओल्या मातीचा वास. गाडी पाण्यात बसलेली होती.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने अंबाझरी लेआउट, धरमपेठ, सीताबर्डी भागात जे केलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. पुढचे दोन महिने मी तळघरांतून बाहेर काढलेल्या गाड्यांचेच सर्व्हे करत होतो. त्यातल्या पुष्कळ टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशा, ठरून सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगारभावाच्या विक्रीत गेल्या, आणि सॅल्व्हेजमधल्या गाड्या दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येतात. ही लाल गाडी कोणत्या पुरातली, ते मला माहीत नाही. पण बुडालेल्या गाडीत वायरिंगचे जोड दोन-दोन वर्षांनी हिरवे पडून दगा देतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी तिचा भाव टिकत नाही, कारण पुढचं गिऱ्हाईकही कधीतरी बेल्ट ओढणारच. आम्ही पाणी पिऊन निघालो.

बाकीची तपासणी पटकन सांगतो. सगळ्या काचांवरची उत्पादनाची खूण एकाच काळातली आहे का बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 18 इंची चार टायर सात वर्षांचे असतील, तर त्यांची किंमत आजच वजा करा, नक्षी कितीही खोल दिसो. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. रंग बदलला असेल तर तो आरसीवर चढला आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, तेही बघा. उतरला नसेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. सर्व्हिसच्या नोंदींवरचं किलोमीटर आणि मीटरवरचं किलोमीटर जुळलं पाहिजे.

आपल्या हवेचा एक फायदा आहे. मुंबई-कोकणातली गाडी खालून गंजते, नागपूरची सहसा गंजत नाही. पण आपला मे महिना रबर खातो. दाराची रबरं, कुलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश, डॅशबोर्डचा वरचा थर, उघड्या टपाची सीलं, हे सगळं हात लावून दाबून बघा. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना त्रास देतं, तेही गाडी महिना-महिना उभी राहिली तर जास्त. इंधनाच्या नळ्या बदललेल्या असतील आणि बिल असेल, तर त्या मालकाला दहा हजार जास्त द्या. त्याने गाडीवर जीव लावला आहे.

कोणती गाडी टिकते? मॅन्युअल गिअर, कमी संख्या, आणि ज्यांचे सुटे भाग साध्या गाड्यांना लागतात अशा. 2020 ची ऑक्टाव्हिया आरएस 245 देशात फक्त 200 आली, तिला आजही मागणी आहे, आणि ती ऑटोमॅटिक आहे, म्हणजे मॅन्युअलचा नियमही काही दगडावरची रेघ नाही. टीटीची ती पिढी आणि स्कोडा लॉरा एकाच घरातल्या, म्हणून लॉरा उघडणारा मेकॅनिक तिला हात घालू शकतो. पोर्शे बॉक्स्टरच्या 2005 ते 2012 च्या पिढीत 2009 हे वर्ष लक्षात ठेवा. त्याआधीच्या इंजिनांत आयएमएस नावाचं एक बेअरिंग आहे, ते गेलं तर इंजिन जातं. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात ते नाहीच. जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं. गाडी बघायला जाण्याआधी तिला नागपुरात कोण उघडेल, हे ठरलेलं असू द्या. पुण्याला टोइंग करून न्यावी लागणारी गाडी इथे कोणी भावाने घेत नाही.

आता माझा हिशोब. 2013 मध्ये मी 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस घेतली. 1.8 टर्बो, दीडशे घोड्यांची, पाच गिअर, मॅन्युअल. घेतली 3 लाख 40 हजाराला, 2020 मध्ये विकली 3 लाख 25 हजाराला. ऐकणाऱ्याला वाटतं, पंधरा हजारात सात वर्षं चालवली. पण क्लच, टर्बोच्या नळ्या, दोनदा टायर, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मिळून 2 लाख 90 हजार घातले. म्हणजे वर्षाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस हजार, पेट्रोल आणि विमा सोडून. भाव टिकला, हे खरंच आहे, पण मी तो भरत राहिलो म्हणून टिकला. गाडी घेताना किमतीच्या निदान 20 टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर थोडी स्वस्त गाडी बघा.

टायमिंग बेल्टवरून आठवलं. एका गॅरेजने मला बेल्ट बदलल्याचं बिल दिलं. काही महिन्यांनी दुसऱ्या मिस्त्रीने कव्हर उघडलं तर आत जुनाच बेल्ट, कडा तुटायला आलेली. तो तुटला असता तर व्हॉल्व्ह वाकून अर्धं इंजिन गेलं असतं. तेव्हापासून काढलेला जुना भाग मी घरी मागून घेतो आणि नवा बसवतानाचा फोटो काढतो. ते फोटो, बिलं आणि मूळ सायलेन्सर, सगळं जपलं. विकताना नाशिकहून एक गृहस्थ रेल्वेने आले. चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलावर तासभर फाइल वाचत बसले, एकेक बिल बोटाने पुढे सरकवत. किल्ली त्यांनी नंतर मागितली. भावात दहा हजारही घासाघीस केली नाही.

विम्यात एक चूक फार जण करतात. हप्ता वाचावा म्हणून आयडीव्ही कमी लावतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. जुन्या स्पोर्ट्स कारचे दोन एअरबॅग, एक हेडलाइट आणि बंपर एवढ्यातच तो आकडा गाठला जातो. बारा लाखांची गाडी सहा लाखांवर उतरवली असेल, तर साध्या धडकेत मालकाचे सहा लाख गेले. मला असे रिपोर्ट लिहावे लागले आहेत आणि समोर उभ्या माणसाला ते सांगणं जड जातं. बाजारभावाचे पुरावे द्या, फोटो द्या, आयडीव्ही योग्य लावून घ्या. रबर-प्लास्टिकच्या भागांवर क्लेममध्ये 50 टक्के कपात होते, तीही धरून चला.

भाच्याने नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरची 2016 ची पुंटो अबार्थ घेतली. दोन दारांची नाही, टप उघडत नाही. पण 1.4 टर्बो, 145 घोडे, मॅन्युअल, रांजणगावात बनलेली, म्हणजे पंधराव्या वर्षी आयात गाडीची फी लागणार नाही. बरेचसे भाग साध्या पुंटो-लिनियाचेच. सीट बेल्ट स्वच्छ, फाइल जाड. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, तेव्हा मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. आरसी नावावर होणं वेगळं आणि विमा नावावर होणं वेगळं. व्यवहारापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, तसाही त्याच्याबरोबरच जातो, त्याचा फरक भरावा लागतो.

अकराव्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, पॉलिसी आली नावावर. फाइलमध्ये लावली, मीटरचा फोटोबी लावला पहिल्या पानावर."