आगोटीआधीची आणखी एक बेगमी: घरातली पेटी आणि गाडीतली पिशवी

कोकणात मे महिना हा बेगमीचा महिना असतो. तांदूळ, कुळीथ, मीठ, कांदे, आमसुले, सुकी मासळी, पापड-मिरगुंडे आणि पडवीत रचलेली कोरडी लाकडे एवढे घरात आले की आगोट भरली असे आपण म्हणतो आणि मृगाची वाट पाहू लागतो. ही बेगमी चार महिन्यांची असते. घर जागेवर उभे राहील, चूल पेटेल आणि विहिरीचे पाणी पिता येईल, हे तिने गृहीतच धरलेले असते. वादळ, पूर किंवा दरड आली की पहिला घाला नेमका याच तीन गोष्टींवर पडतो. म्हणून आगोटीच्या सामानापासून अगदी वेगळी, तीन दिवस कोणाच्याही मदतीवाचून निघतील एवढीच, पण चटकन उचलता येईल अशी एक पेटी घरात आणि एक पिशवी गाडीत असलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही तयारी १ मेपर्यंत पूर्ण व्हावी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी, म्हणजे मृग लागण्याच्याही आधी, रायगडच्या किनाऱ्यावर आले. तौक्ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कित्येक घरांची शाकारणीही व्हायची होती. उलट फयान आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये, पाऊस संपला म्हणून ताडपत्र्या घडी करून माळ्यावर टाकल्यानंतर. अरबी समुद्रातल्या वादळांचे हे दोन हंगाम, पावसाच्या आधीचा आणि नंतरचा, लक्षात घेतले तर पेटी मेच्या आरंभापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत भरलेली असावी हे उघड आहे.

पेटी कोठे ठेवायची हा प्रश्न तिच्यात काय भरायचे याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणचे आणि सावित्रीच्या पुराने महाडचे तळमजले बुडाले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या डब्यांत काय भरले आहे याला काही अर्थच उरला नाही. नदीकाठच्या किंवा खाडीलगतच्या घरात पेटी माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर असावी. घर बैठे असेल तर ती एका माणसाला पाठीवर घेता येईल एवढीच जड असावी, कारण तेथे वर चढण्याचा नव्हे, बाहेर पडण्याचा विचार करावा लागतो. डोंगराच्या पायथ्याशी घर असलेल्यांनी ती दाराशीच ठेवावी. महाड तालुक्यातील तळिये आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या दोन्ही ठिकाणी वस्तीवर दरड आली तेव्हा सामान गोळा करायला कोणाला वेळ मिळालेला नव्हता. डोंगराला नव्या भेगा दिसल्या, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा झाडे आणि विजेचे खांब कलू लागले, तर पेटीही न शोधता माणसांनी निघावे.

पेटी पत्र्याची नसावी. आपल्याकडची खारी, दमट हवा पत्रा दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. फिरकीच्या झाकणाचे प्लॅस्टिकचे पिंप सर्वांत बरे. ते पाण्यात पडले तरी आतले सामान कोरडे राहते. माणसांबरोबर न्यायच्या वस्तूंसाठी त्याच पिंपात पाठीवरची एक पिशवी आधीच भरून ठेवावी.

पहिली गोष्ट पाणी. पिण्यासाठी आणि साध्या स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी अठ्ठेचाळीस लिटर लागतात. वीस लिटरचे मोठे कॅन घेण्याचा मोह होतो, पण पूर चढत असताना वीस किलोचे ओझे जिन्यावरून वर नेणे घरातल्या वृद्धांना झेपत नाही. पाच-पाच लिटरचे दहा कॅन अधिक सोयीचे पडतात आणि एखादा फुटला तरी सारे पाणी जात नाही. त्यांवर भरल्याची तारीख लिहावी. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ते कितीही नितळ दिसले तरी, ग्रामपंचायतीकडून टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर पडून पाणी तपासले जाईपर्यंत पिऊ नये. पेटीत क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर या पाणी शुद्ध करणाऱ्या द्रवाची बाटली असावी. प्रमाण वेष्टनावर दिलेले असते, तेवढेच घालावे आणि अर्धा तास थांबावे. पाणी फार गढूळ असेल तर आधी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. इंधन असेल तर खळखळून एक मिनिट उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. पागोळीचे पाणी भांडी, कपडे आणि शौचालयासाठी धरावे, म्हणजे पिण्याच्या साठ्याला हात लागणार नाही.

खाण्याच्या बाबतीत आपले घर एरवी समृद्ध असले तरी आगोटीच्या सामानातले फार थोडे या पेटीत चालते. तांदूळ आणि कुळथाचे पीठ यांना चूल लागते. सुकी मासळी तर वासाने पेटी व्यापून टाकते, शिवाय तिच्या मिठाने तहान वाढते आणि मोजके पाणी लवकर संपते. पोहे मात्र अवश्य ठेवावेत. नुसते भिजवून, गूळ आणि पडलेल्या नारळाचे खोबरे घातले की जेवण होते. त्यांच्याबरोबर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, खजूर, गुळाची ढेप, शेंगदाण्याचे किंवा नाचणीचे लाडू, दुधाची पावडर, बिस्किटे आणि मेतकुटाचा डबा पुरेसा आहे. लहान बाळ असेल तर त्याचे नेहमीचे खाणे वेगळ्या डब्यात ठेवावे. शेगडी वापरता येण्याजोगी असेल तर उत्तम, पण पुराचा इशारा मिळताच सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावावे आणि सिलिंडर खांबाला बांधावा, कारण पाणी वाढले की तो तरंगतो.

उजेडाचा विचार करताना मी मेणबत्तीला शेवटचे स्थान देतो. उडालेल्या कौलांतून वारा घोंगावत असताना उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. दोन बॅटऱ्या, शक्य तर एक डोक्याला बांधायची, आणि चार्जिंगचा एक दिवा असावा. सेल बॅटरीत घालून ठेवू नयेत. दमट हवेत ते पाझरतात आणि नेमक्या वेळी बॅटरी लागत नाही. काड्यापेटी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. निसर्गनंतर श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. त्यामुळे एक भरलेली पॉवर बँक आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ या दोन्हींची गरज आहे. जनित्र असलेल्यांनी ते पडवीतही न लावता घरापासून दूर, मोकळ्यावर चालवावे, कारण त्याच्या धुरातला विषारी वायू वासाने ओळखू येत नाही. ते थेट घराच्या वायरिंगला जोडू नये. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाला त्याने धोका होतो.

औषधांची यादी प्रत्येक घराची वेगळी. रक्तदाब, मधुमेह, दमा, फेफरे यांची रोजची औषधे सात दिवसांची असावीत, तीन नव्हे. घाटातला रस्ता बंद झाला की तालुक्याच्या औषधाच्या दुकानातला साठा लवकर संपतो. इन्सुलिनविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मडक्यात ठेवून गारवा धरण्याची युक्ती कोरड्या प्रदेशात चांगली चालते, पण कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याचे बाष्पीभवनच फारसे होत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन साध्या हवेत सुमारे चार आठवडे टिकते; आपले किती टिकते ते सोबतच्या पत्रकात वाचून पेटीवर लिहून ठेवावे. जंतुनाशक, पट्ट्या, कापूस, पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे, जादा चष्मा, सॅनिटरी पॅड आणि साबण हे सर्वांसाठी. क्षारसंजीवनी संपलीच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे प्रमाण चहाच्या चमच्याने मोजून घ्यावे. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शक्यता धरून लगेच डॉक्टरांकडे जावे, आणि पायांवरच्या जखमा त्या पाण्यापासून झाकाव्यात.

पाणी चढले की सापही कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही आपल्याकडे आहेत. पेटीत काठी मावणार नाही, पण बॅटरी आणि गमबूट असले तर निम्मे दंश टळतील असे मला वाटते. दंश झाल्यास करकचून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये. दंश झालेला भाग हलू न देता माणसाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे; ते जवळ कोठे आहे हे मे महिन्यातच विचारून ठेवावे. विंचवाच्या बाबतीतही तेच. लाल विंचवाच्या दंशावरचा उपचार तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनातूनच जगाला मिळाला, तेव्हा कोकणातल्या माणसाने मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

घराच्या दुरुस्तीचे सामान थोडेच, पण ते वादळानंतर मिळत नाही. आमची कौले गेली तेव्हा ताडपत्रीसाठी आम्ही दोन दिवस बाजाराच्या फेऱ्या मारल्या आणि तोवर भिंती भिजत राहिल्या. एक जाड ताडपत्री, सुंभ नव्हे तर नायलॉनची दोरी, बांधणीची तार, पक्कड, हातोडी, खिळे, कोयती आणि जाड हातमोजे एकत्र बांधून ठेवावेत. उडालेल्या पत्र्यांच्या कडा आणि खिळे पायांत घुसतात, म्हणून जाड तळाचे बूट हवेतच. गोठा असणाऱ्यांनी पाणी येण्याआधी गुरांची दावी सोडायची आहेत, हे घरातल्या एका माणसाला नेमून द्यावे.

आधार, शिधापत्रिका, सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक आणि विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत घालाव्यात. त्याबरोबर घराचे, गोठ्याचे आणि नारळी-पोफळीच्या बागेचे आजच्या स्थितीतले फोटो काढून ठेवावेत. तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा आधी काय होते हे दाखवता आले पाहिजे. दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटांत काही हजार रुपये असावेत, कारण वीज आणि नेटवर्क गेले की एटीएम चालत नाही आणि मोबाइलवरून पैसेही जात नाहीत.

आता गाडी. पेट्रोल पंपही विजेवर चालतात, म्हणून पावसाळाभर टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये आणि वादळाचा इशारा येताच ती भरून घ्यावी. गाडी माडाखाली किंवा जुन्या आंब्याखाली लावू नये. चिपळूण, खेड, महाड, राजापूर अशा पुराच्या गावांत ती उंचावर नेण्याची जागा आधी ठरवावी आणि पाणी चढण्याआधीच न्यावी. विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरतीच्या वेळी पाऊस कोसळत असेल, तर नदीचे पाणी खाडीत उतरायला अडते आणि पूर झपाट्याने चढतो. एकदा पाणी अंगणात आले की गाडीसाठी खाली उतरू नये.

गाडीतल्या पिशवीत सहा लिटर पाणी, लाडू-फुटाणे, प्रथमोपचाराची पेटी, बॅटरी, चादर, रेनकोट, गाडीतला चार्जर आणि रस्त्यांचा छापील नकाशा असावा. जॅक, पाना आणि हवा भरलेली स्टेपनी यांची खात्री करावी. ओढण्याचा दोर, जंपर केबल, परावर्तक त्रिकोण आणि आडव्या पडलेल्या फांद्यांसाठी छोटी करवत डिकीत ठेवावी. काच फोडण्याची हातोडी आणि पट्टा कापण्याचे पाते मात्र डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी हवे. समोरची काच थरांची असल्याने फुटून मोकळी होत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावे.

कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, वरंध किंवा ताम्हिणी, कोणत्याही घाटात मुसळधार पावसात अडकल्यास कड्याच्या पोटाशी गाडी उभी करू नये. कड्यावरून बारीक दगड घसरताना दिसले तर पुढे जाण्याची घाई करू नये. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी तर ही पिशवी आवर्जून भरावी, कारण महामार्गावर तासन्‌तास खोळंबा होतो आणि सोबत मुले व वृद्ध असतात. वाहत्या पाण्याची खोली एक फूट असली तरी ते लहान गाडी तरंगवू शकते. पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला तेव्हा त्यावरची वाहनेही गेली. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, पाणी आत ओढले जाऊन ते कायमचे निकामी होते आणि साध्या विम्यात ही हानी सहसा धरली जात नाही.

पिंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, विजेच्या तक्रारीसाठी १९१२, सरपंच, तलाठी आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक शाईने न लिहिता पेन्सिलने लिहावेत, कारण पेन्सिल पाण्याने पुसत नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या एका नातेवाइकाचा क्रमांकही तेथे असावा. गावातल्या गावात फोन लागत नसताना बाहेरचा लागतो, आणि विखुरलेल्या सर्वांनी त्यालाच आपली खुशाली कळवायची हे आधी ठरलेले असावे. पिंप वर्षातून दोनदा उघडावे, महाराष्ट्र दिनाला आणि गाडीची पूजा करतो त्या दसऱ्याला. पाणी बदलावे, लाडू-फुटाणे खाऊन टाकून नवे भरावेत, औषधांच्या तारखा वाचाव्यात, सेल तपासावेत आणि मुलांच्या पायांना गेल्या वर्षीचे गमबूट अजून होतात का ते घालून पाहावे.