सीतेची वेणी कुजत होती, ती अशी सावरली

रिंकोस्टायलिस रेटुसा हे ऑर्किड, म्हणजे आपली सीतेची वेणी. पावसाळ्यात खालची पानं पिवळी पडून गळू लागली. कुंडी उपसली तर नारळाच्या भुशातली मुळं काळी, बोटांनी दाबताच साल निसटणारी. या ऑर्किडची मुळं झाडाच्या सालीवर उघडी वाढतात. त्यांच्यावरचा पांढरा स्पंजासारखा थर पाणी पटकन शोषतो, पण त्याला तितकंच पटकन सुकायचंही असतं. ओल्या भुशात ते होत नाही.

ब्लेड ज्योतीवर तापवून कुजलेली मुळं कडक भागापर्यंत कापली, कापांवर दालचिनीची पूड लावली (चांगल्या मुळांना नको, ती सुकतात) आणि रोप दोन दिवस सावलीत उलटं टांगलं. मग सागवानी पट्ट्यांच्या टोपलीत ४-५ सेंटिमीटरचे लाकडी कोळशाचे तुकडे आणि सुंभाने बांधलेलं रोप, एवढंच. वर ५० टक्के ऊन अडवणारी जाळी (शेडनेट), पाणी सकाळीच. ओली मुळं हिरवी दिसतात, ती रुपेरी झाल्याशिवाय पुढचं पाणी नाही. नवी मूळटोकं दिसल्यावर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम.

शेंड्यात पाणी साचू देऊ नका. खोड एकाच शेंड्यावर वाढतं. तो कुजला की वाढ थांबते, नशिबाने बुडातून फुटवा येतो. थायलंडकडची निळसर सीलेस्टिस आणि हिवाळ्यात फुलणारी जायगँटिया या रिंकोस्टायलिसच्याच इतर जातींनाही हीच टोपली चालते. रेटुसा मात्र मे-जूनमध्ये फुलते, आणि मुळं दुखावलेल्या वर्षी बहुधा फुलत नाही. जंगलातून ओरबाडलेलं रोप कृपा करून घेऊ नका.