टॅक्सींच्या जीपीएस नोंदींवरून शहराचा अभ्यास कसा करावा: पोर्तोचे उदाहरण

पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या ४४२ टॅक्सींनी १ जुलै २०१३ ते ३० जून २०१४ या वर्षात केलेल्या १७ लाखांहून अधिक फेऱ्यांच्या नोंदी अभ्यासासाठी खुल्या आहेत, आणि नवशिक्याने सुरुवात याच संचापासून करावी असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक फेरीत दर १५ सेकंदांनी टिपलेल्या बिंदूंची मालिका असते; त्यामुळे बिंदूंच्या संख्येतून एक वजा करून १५ ने गुणले की फेरीचा कालावधी सेकंदांत मिळतो.

आधी स्वच्छता करावी. या मालिकेत रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. हा क्रम उलटला तर सारे पोर्तो भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली आहे, म्हणून उन्हाळ्यात, तेथील घड्याळे पुढे केलेली असताना, एक तास मिळवावा. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी १५ सेकंदांत ५०० मीटर जाते. तेव्हा लागोपाठच्या दोन बिंदूंत ६०० मीटरांहून जास्त अंतर आढळले, तर ती टॅक्सीची धाव नसून जीपीएसची चूक किंवा मधली गळती आहे असे समजावे. अंतर अंशांत मोजू नये, कारण पोर्तोच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ८४ किलोमीटर, तर अक्षांशाचा १११ किलोमीटर भरतो.

त्यानंतर बिंदू रस्त्यांच्या जाळ्यावर बसवावेत. ताशी ३६ किलोमीटर वेगाला दोन बिंदूंत १५० मीटर अंतर पडते, त्यामुळे गाडी कोणत्या गल्लीतून गेली हे बहुधा ठरवता येते. बीजिंगच्या टॅक्सींच्या २००८ सालच्या प्रसिद्ध संचात दोन बिंदूंमधला वेळ सरासरी १७७ सेकंदांचा आहे. तेथे मधला मार्ग अंदाजानेच भरावा लागतो. शिवाय त्या नोंदी २ ते ८ फेब्रुवारी या एकाच आठवड्याच्या असून चिनी नववर्ष ७ तारखेला होते, म्हणून त्यावरून एरवीच्या बीजिंगबद्दल निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

शहराचे भाग पाडताना सर्वाधिक काळजी घ्यावी. २५० मीटरांचे चौकोन आखले, तर दोरू नदीकाठी एकाच चौकोनात पोर्तो आणि पलीकडचे विला नोव्हा द गाया असे दोन्ही काठ येऊ शकतात, आणि पुलावरून वळसा घालून पोहोचावी लागणारी ठिकाणे नकाशावर शेजारी ठरतात. म्हणून नदीच्या रेषेवर चौकोन तोडावेत आणि तीच गणना ५०० मीटरांच्या चौकोनांवरही करून पाहावी. केवळ आकार बदलल्याने जी गर्दीची केंद्रे नाहीशी होतात, त्यांवर विसंबू नये.

फेरी फोनवरून मागवलेली, थांब्यावरून घेतलेली की रस्त्यात हात दाखवून थांबवलेली, हेही येथे नोंदलेले आहे. हे तीन प्रकार वेगळे ठेवावेत, कारण थांब्यावरच्या फेऱ्यांचा उगम प्रवाशाच्या घराइतकाच थांबा कोठे आहे यावरही ठरतो. रिकाम्या टॅक्सीची भटकंती, तसेच बस, मेट्रो आणि पायी चालणारे यांत नाहीत. त्यामुळे जेथे फेऱ्या कमी दिसतात तेथे वर्दळ कमी आहे असे लिहिणे चूक ठरेल.

प्रसिद्ध करण्यापूर्वी, कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून, फेऱ्यांची टोके चौकोनांत मिसळून टाकावीत. न्यूयॉर्कच्या २०१३ सालच्या नोंदींत टॅक्सींचे क्रमांक सांकेतिक करून दिले होते, परंतु क्रमांकांची ठेवण ठरावीक असल्याने ते थोड्याच वेळात उलगडले गेले.