फोर्क सर्व्हिसला टाकण्याआधी

गेल्या वर्षी माझ्या माउंटन सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा आणि दणके झेलणारा भाग) ‘आठ दिवसांत देतो’ म्हणून दुकानात ठेवून घेतला आणि सात आठवड्यांनी माझ्या हातात आला. प्रत्यक्ष काम तीन तासांचं होतं. बाकीचे दिवस कुठे गेले ते मी नंतर मेकॅनिकसोबत बसून मोजलं. पहिले दहा दिवस फोर्क नुसता फळीवर पडून होता. उघडल्यावर कळलं की सीलचं किट, म्हणजे धूळ आणि तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा संच, नाही, मग ते मागवलं. आलं ते ३२ मिमी जाडीच्या नळ्यांचं, माझा फोर्क ३४ मिमीचा. ते परत गेलं, दुसरं येईपर्यंत गणपती आले, आणि दहा दिवस पेठेतल्या त्या दुकानापर्यंत कुरिअरवाला पोचेना. यातला निम्मा वेळ मी वाचवू शकलो असतो, फक्त देण्याआधी तयारी करायला हवी होती. त्यानंतर मी ज्या क्रमाने तयारी करतो, तीच इथे लिहितोय.

सुरुवात तासांपासून करा. रॉकशॉक्स या कंपनीच्या बहुतेक एअर फोर्कना (आत स्प्रिंगऐवजी हवा असते ते) दर ५० तासांनी लोअर्सची सर्व्हिस सांगितलेली असते, म्हणजे खालचे पाय काढून आतलं ऑइल बदलायचं आणि सील, स्पंजच्या रिंगा साफ करायच्या. डॅम्पर (हालचाल आवरणारा तेलाचा भाग) आणि एअर स्प्रिंगची (हवेचा कप्पा) पूर्ण सर्व्हिस नव्या मॉडेलना साधारण २०० तासांनी. फॉक्स ही दुसरी कंपनी पूर्ण सर्व्हिससाठी १२५ तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं सांगते. आठवड्याला दोन राईड, प्रत्येकी दोन तास, एवढीच तुमची सायकल चालत असेल तरी ५० तास तीन महिन्यांत भरतात आणि १२५ तास सात-आठ महिन्यांत. हे तास चालवण्याचे आहेत, डोंगरावर चहा पिण्याचे नाहीत, म्हणून राईड नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपवरचा ‘मूव्हिंग टाइम’ धरा. पावसात चालवत असाल तर आकड्यांची वाट पाहू नका. आपल्या टेकड्यांवरचा मुरूम भिजला की त्याचा बारीक गाळ सीलच्या ओठाला चिकटतो आणि प्रत्येक दणक्याला थोडा आत जातो.

मग कॅलेंडर बघा. पुण्यात दोन वेळा सगळ्यांना एकदम फोर्क आठवतो: मे महिन्यात, हिमाचल-लडाखला निघायच्या आधी, आणि सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरून टेकड्या चालवण्याजोग्या झाल्या की. या दोन्ही वेळी रांग लांब असते. माझा अनुभव असा की जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिलेलं काम सगळ्यात लवकर होतं. पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटाआधी आला तर तोही बरा, कारण त्या दिवसांत नवी सायकल घ्यायला लोक येत नाहीत आणि मेकॅनिकचे हात मोकळे असतात. मोठी राईड किंवा स्पर्धा ठरलेली असेल तर फोर्क किमान दोन महिने आधी द्या, आणि परत आल्यावर राईडपर्यंत दोन-तीन आठवडे हाताशी राहतील असं बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमचा फोर्क नक्की कोणता आहे? ‘फॉक्सचा आहे, काळा’ एवढ्यावर कोणी पार्ट मागवू शकत नाही. फॉक्सच्या फोर्कवर लोअर्सच्या मागच्या बाजूला चार अक्षर-अंकांचा एक कोड असतो. तेवढ्यावरून वर्ष, मॉडेल, डॅम्पर, ट्रॅव्हल (फोर्क किती दबतो ते) सगळं कळतं. रॉकशॉक्सचा सिरियल नंबर त्यांची मूळ कंपनी स्रॅमच्या साइटवर टाकला की मॉडेल आणि त्याला लागणारे पार्ट दिसतात. मडगार्डखाली चिखल बसतो तसा या नंबरवर चिखल बसलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, उजेडात फोटो काढा आणि फोन करण्याच्या आधी व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. सोबत स्टँचियनची, म्हणजे लोअर्समध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या गुळगुळीत नळ्यांची, जाडी लिहा. ३२, ३४, ३५, ३६ यात एका मिलिमीटरचा फरक असला तरी सील बसत नाही. मी ते सात आठवडे भोगलंय. माझ्या एका मित्राने हीच माहिती आधी पाठवली होती. किट आल्याचा फोन आल्यावरच तो फोर्क घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत घेऊन आला. दुकान तेच, मेकॅनिकही तोच.

फोर्क देण्याआधी स्वतः नीट बघा. स्टँचियन स्वच्छ पुसा आणि नखाचं टोक वरून खाली हळू फिरवा. नख कुठे अडकलं तर तो ओरखडा खरा आहे. नुसता दिसतोय पण नख सरकतंय, तर बहुधा वरवरचा आहे. जिथे सोनेरी किंवा काळा थर घासून खालचा पांढुरका धातू दिसतोय, तिथला फोटो काढा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, एक बोट सीलच्या कडेवर ठेवून. तिथे टक्टक् जाणवली तर आतले बुशिंग (नळी ज्यावर सरकते त्या कड्या) सैल झालेत, आणि ते बदलायला प्रत्येक जाडीसाठी वेगळं हत्यार लागतं, जे सगळ्यांकडे नसतं. वरून, क्राउनपाशी (दोन्ही नळ्या जोडणाऱ्या वरच्या तुकड्यापाशी), चढावर उभं राहून पेडल मारताना करकर येत असेल तर तेही लिहा. फोर्क अर्ध्यात अडतो का, रिबाउंडचा (दबल्यावर वर येण्याच्या वेगाचा) नॉब फिरवून काही फरक पडतो का, रात्रीत हवा उतरते का, स्टँचियनवर तेलाचं कडं उठतं का? ‘नीट चालत नाही’ असं सांगितलं तर मेकॅनिक अंदाजाने उघडतो. लक्षण कोणत्या वेळी येतं ते सांगितलं तर त्याला कोणता पार्ट आधी मागवायचा ते कळतं.

त्यानंतर फोन. ‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न मी आता विचारतच नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. मी विचारतो: या कोडचं किट आत्ता तुमच्याकडे आहे का? नसेल तर देशात मिळतं की बाहेरून येणार? डॅम्पर तुम्ही उघडता की दुसऱ्या शहरात पाठवता? माझ्या आधी किती कामं आहेत? फोर्क माझ्याकडेच ठेवून नंबर लावता येईल का? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. पार्ट येईपर्यंत फोर्क फळीवर पडून राहण्यापेक्षा सायकलवर राहिला तर तुमची राईड चालू राहते. बहुतेक दुकानं थोडी आगाऊ रक्कम घेऊन याला तयार होतात. जो मेकॅनिक ‘किट नाही, पाच आठवडे लागतील’ असं स्पष्ट सांगतो, त्याच्याकडे मी आनंदाने देतो. ‘बघू, या घेऊन’ म्हणणाऱ्याकडे देताना मात्र सावध राहतो.

खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून द्या. सील आणि ऑइलचं काम एका पातळीवरचं असतं, पण स्टँचियन खरवडलेला निघाला तर क्राउनसकट सगळा वरचा भाग बदलावा लागतो, आणि त्याची किंमत कधीकधी नव्या फोर्कच्या जवळ जाते. अमुक रुपयांपर्यंत न विचारता करा, वर गेलं तर आधी फोन करा, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत द्या, असं जॉब कार्डवर लिहून त्याचा फोटो घ्या. काम उघडं पडलेलं असताना मालकाचा होकार मिळायला दोन-तीन दिवस जातात, तेही या एका ओळीने वाचतात. साधा कॉइल फोर्क (हवेऐवजी लोखंडी स्प्रिंगचा) असेल तर मात्र आधीच विचारा की सर्व्हिस परवडते का. बऱ्याचदा स्वच्छ करून ग्रीस भरणं एवढंच शहाणपणाचं असतं.

सायकलवरून उतरवायच्या आधी सेटिंग वहीत उतरवा, कारण काम करताना हवा काढावीच लागते. शॉक पंप लावला की थोडी हवा नळीत जाते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून नेहमी ज्या आकड्यापर्यंत भरता तो पीएसआय (दाबाचं माप) लिहा. रिबाउंडचा नॉब घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा, कॉम्प्रेशनचंही (दबण्याच्या वेगाचा नॉब) तसंच. स्टँचियनवरची रबरी रिंग खाली सरकवून नेहमीच्या बॅगेसकट बसा, अलगद उतरा आणि किती मिलिमीटर सॅग येतो, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो, तेही लिहा. आत टोकन (हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे तुकडे) बसवलेले असतील तर त्यांची संख्या. सायकल धुऊन द्या, पण प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नका, आणि स्टँचियन चमकावे म्हणून गंज काढायचा स्प्रेही नको.

फोर्क घरीच काढणार असाल तर स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालचे) स्पेसर, म्हणजे कड्या, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने सुतळीत ओवून ठेवा. बेअरिंग वरचं कोणतं, खालचं कोणतं, ते वेगवेगळ्या कागदात गुंडाळा. हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये घडी केलेला पुठ्ठा सरकवा, नाहीतर घरातलं पोर लिव्हर दाबतं आणि पिस्टन बाहेर येऊन बसतात.

गावात सर्व्हिस करणारं कोणी नसेल तर कुरिअर आलंच. कोल्हापूरहून पुण्याला फोर्क पाठवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने अॅक्सल (दोन्ही पायांमधून आणि चाकातून आरपार जाणारा दांडा) घरीच ठेवला. खोक्यावर वजन पडलं, दोन्ही पाय आत दबले आणि सर्व्हिस राहिली बाजूला. म्हणून अॅक्सल जागेवर घट्ट बसवूनच पाठवा. हवा काढून टाका, स्टँचियनला दोन पदरी फोम गुंडाळा, क्राउनला जाड पुठ्ठा लावा. खोक्यात एक चिठ्ठी ठेवा: नाव, फोन, कोड, लक्षणं, सेटिंग, खर्चाची मर्यादा. मी तीच चिठ्ठी स्टीअरर ट्यूबलाही (फोर्कच्या वरच्या दांड्याला) चिकटवतो, कारण खोकं फेकलं जातं. कुरिअर नेणाऱ्याच्या समोर चारही बाजूंचे फोटो काढा.

सायकलला मागचा शॉकही (मागच्या चाकाचे दणके झेलणारा भाग) असेल तर बहुतेक सगळं हेच, पण डॅम्परचं काम गल्लीत होत नाही. त्यातला नायट्रोजन भरायला खास साधन लागतं, म्हणून तो दुसऱ्या शहरात जाईल आणि वेळ जास्त लागेल असं धरूनच चला. एक गोष्ट जिवाशी आहे: शॉक दाबलेल्या स्थितीत अडकून वर येत नसेल, तर तो घरी उघडू नका. आतल्या खालच्या कप्प्यात दाब कोंडलेला असतो आणि झाकण सुटलं तर ते अंगावर उडतं. शॉकवर तसं ठळक लिहून द्या, म्हणजे मेकॅनिकही सावध राहील.

दिल्यानंतर रोज फोन करू नका. दोनच तारखा मागून घ्या, उघडण्याची आणि पार्ट येण्याची. उघडल्यावरचा एक फोटो मागा. मला माझा आला तेव्हा स्पंजच्या रिंगा काळ्याकुट्ट होत्या आणि मधाच्या रंगाचं असायला हवं ते ऑइल उसाच्या काकवीसारखं दिसत होतं. तो फोटो पाहिल्यापासून मी ५० तासांची नोंद एकदाही चुकवलेली नाही.

परत घेताना घाई नको. दुकानातच हवा भरून घ्या, वहीतल्या क्लिक लावा, ब्रेक दाबून दहा-बारा वेळा खाली-वर करा. पहिल्या काही दाबांत स्टँचियनवर तेलाचा पातळ थर आला तर घाबरू नका, पुसा. पुसल्यावर पुन्हा थेंब जमत असेल तर तिथेच दाखवा. ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, अॅक्सल, स्टेम स्वतः तपासा. किती दिवसांत तक्रार आली तर पुन्हा पैसे न घेता बघणार, ते बिलावर लिहून घ्या. पहिली राईड घराजवळच्या टेकडीवर, तासाभराची. त्याच रात्री दाब पूर्ण भरून ठेवा, सकाळी पुढच्या टोकावर हाताने जोर द्या. आदल्या रात्रीपेक्षा जास्त खाली गेला, तर चप्पल घालून तसेच दुकानात जा.