झुलिपवर नवी संस्था उघडण्याआधी

झुलिप हे गटांसाठीचं चॅट सॉफ्टवेअर. त्याच्या सर्व्हरवर नवी संस्था, म्हणजे एका गटाची वेगळी चॅटची जागा, उघडायची कमांड एका ओळीची आहे, पण ती सगळ्यात शेवटी चालवायची. आधी नाव पक्कं करा. एकाच सर्व्हरवर अनेक संस्था नांदवायच्या तर प्रत्येकीला वेगळं सबडोमेन, म्हणजे मुख्य पत्त्याच्या आधी जोडलेलं नाव, लागतं. ते लहान असावं, फोनवर सांगितलं तरी चुकू नये. नंतर बदलता येतं, पण तोवर जुना पत्ता सगळ्यांच्या ॲपमध्ये बसलेला असतो. नाव ठरलं की डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) नोंद करा आणि सर्व्हरच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटमध्ये हे सबडोमेन आलंय ना, तेही बघा. मशीनला निदान 2 जीबी रॅम आणि 10 जीबी मोकळी डिस्क हवी. शंभराच्या वर माणसं येणार असतील तर रॅम 4 जीबी घ्या.

खरा वेळ ईमेलला द्या. एकदा मी घाईत हे सोडलं आणि पाठवलेल्या निमंत्रणांपैकी एकही पोचलं नाही. नव्या मंडळींचा पहिला दिवस वाया गेला, त्याची मला आजही हळहळ वाटते. मेल सर्व्हरचं नाव आणि युजर झुलिपच्या 'सेटिंग्ज.पीवाय' या फाइलमध्ये लिहायचं, पासवर्ड मात्र 'झुलिप-सीक्रेट्स.कॉन्फ'मध्ये. पुष्कळ क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं 25 नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, म्हणून 587 वापरा. सर्व्हर रीस्टार्ट करून 'सेंड_टेस्ट_ईमेल' ही चाचणीची कमांड चालवा. त्यातून दोन मेल येतात. दोन्ही आले का आणि स्पॅममध्ये तर पडले नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा.

आता माणूस. शेवटच्या कमांडमधून एक लिंक मिळते. ती उघडून जो फॉर्म भरतो, तोच संस्थेचा ओनर, म्हणजे सगळे अधिकार असलेला सदस्य, होतो. तो संस्थेतलाच कुणीतरी जबाबदार असावा, सर्व्हर सांभाळणारा नको. त्याची वेळ ठरवून घ्या.

मग रूटमधून (सर्व्हरच्या मुख्य खात्यातून) बाहेर या आणि 'झुलिप' युजर होऊन 'मॅनेज.पीवाय' चालवा, पुढच्या कमांड त्यातूनच द्यायच्या. इथे संस्थेला 'रेल्म' म्हणतात, नवख्यांचा गोंधळ नेमका त्यानेच होतो. 'लिस्ट_रेल्म्स'ने आधीच्या संस्था बघून घ्या, मग 'जनरेट_रेल्म_क्रिएशन_लिंक'. मिळालेली लिंक एकदाच चालते आणि 7 दिवसांत बाद होते. ती ग्रुपवर टाकू नका, ओनरला एकट्यालाच द्या. त्याने फॉर्म भरून आत पाऊल टाकलं की तिथल्या तिथे त्याच्याकडून दुसरा ओनर नेमून घ्या, म्हणजे एक जण गावाला गेला तरी संस्थेचं काम अडणार नाही.